आक्कांचं जुलाबाचं औषध

दुसऱ्याचं पोट बिघडल्याचं ऐकून जिचा चेहरा उजळतो अशी बाई सगळ्या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. इतर लोकांना जुलाब सुरू झाले की ते तोंड लपवून घरात बसतात, ऑफिसला ‘ताप आलाय’ म्हणून कळवतात, आणि भेटायला आलेल्यांना पायाची दुखणी सांगतात. आमच्या आक्कांना मात्र अशा माणसाविषयी एकदम जिव्हाळा वाटू लागतो. त्या खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकतात, चष्मा पदरानं पुसतात आणि माहेरी आलेल्या लेकीला सासरचं विचारावं इतक्या मायेनं विचारतात, “पाणी जास्त जातंय, का कळ जास्त येत्या?”

मी नाशिकची. लग्न होऊन कोल्हापुरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासरची सगळी मंडळी चहाला बसली होती. नव्या सुनेला काय विचारतात याची मी मनातल्या मनात तयारी करून ठेवली होती. शिक्षण, स्वयंपाक, गाणं. आक्कांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : “तुझं पाणी बदललंय. पोट कसं हाय? पातळ, घट्ट, का मध्यम?” सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. नवऱ्याला खिडकीबाहेर अचानक काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मी कशीबशी “मध्यम” म्हणाले. आक्कांनी माझ्या डोळ्यांखाली बघितलं आणि म्हणाल्या, “खोटं बोलायलीस.” लाजेनं मरायचं सोडून मला हसू फुटलं, कारण मी खरंच खोटं बोलत होते. त्या घरात मला पहिल्यांदा ओळखलं ते आक्कांनी.

आक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या, उसाच्या घरातल्या. त्या शिकायला कोल्हापुरात आल्या, रसायनशास्त्रात डॉक्टरेट झाल्या, एका फार्मसी कॉलेजात लागल्या आणि पुढं घरची मंडळी कोल्हापुरात आली तरी मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत एकट्याच राहिल्या. कॉलेजात शिकवायच्या इंग्रजीत, पण बोलायच्या आपल्या गावच्या भाषेत. इकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असं बोलतात, तशाच आक्काही. पाहुणे म्हणून आलेले एक दिल्लीचे प्राध्यापक त्यांचं मराठी ऐकून चकित झाले होते म्हणे. पण आक्कांचं म्हणणं असं, की ते मराठी ऐकून चकित झाले नाहीत, आवाज ऐकून झाले. आक्कांचा आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलण्यासाठी घडवलेला आहे. या आवाजात त्या हॉटेलात, एस.टी.त, बारशाला, कुठंही जुलाबावर बोलू शकतात. एकदा आम्ही एका हॉटेलात जेवत असताना शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून लांबच्या टेबलावर जाऊन बसलं. “त्यांस्नी पंखा पायजे असंल,” आक्का म्हणाल्या.

जन्मभर आक्कांनी एकच काम केलं. जुलाबावर असं औषध शोधायचं, की जे जुलाब थांबवील पण माणसाला दुसऱ्या भोगात घालणार नाही. मी एकदा विचारलं, “आक्का, हाच विषय का घेतलात?” मला वाटलं, लहानपणीचं काही दुःख असेल, कुणी दगावलं असेल. आक्का म्हणाल्या, “कॅन्सरवर माणसांची रांग लागलीया. केसगळतीवर तर जत्रा हाय. हितं कोण न्हाय. ऐसपैस बसायला मिळतंय.” असं म्हणून त्या हसल्या. पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की ऐसपैस जागेत माणूस एकटंही पडतं.

विषय मात्र त्यांनी मला पोळ्या लाटता लाटता समजावून दिला होता. “जुलाब थांबवणं काय अवघड न्हाय गं. बाजारातली गोळी आतड्याला म्हणती, गप बस. आतडं गप बसतंय. पण मग पोट फुगतंय, कळ मारती, आणि पुढं दोन-चार दिवस काय म्हणजे कायच होत न्हाय. बारक्या पोरास्नी तर ती द्यायचीबी सोय न्हाय. आता मला सांग, पाटाला पाणी जास्त आलं म्हणून कोण पाट बुजवतंय व्हय? वरचं दार लावतंय की! आतड्यात पाणी सुटतंय जिथनं, तिथलं दार लावायचं. आतडं बिचारं आपलं चालू दे.” एवढं सांगून त्यांनी पोळी उलटली. इतक्या वर्षांत या विषयावर मला दुसऱ्या कुणी इतकं स्वच्छ सांगितलेलं नाही. अर्थात दुसऱ्या कुणी सांगायचा प्रयत्नही केलेला नाही.

त्यांच्या लग्नाची गोष्ट मी सासूबाईंकडून ऐकली. इचलकरंजीचं स्थळ होतं, मुलगा बँकेत. पोह्यांच्या बश्या सगळ्यांच्या हातात गेल्या आणि मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, “मुलगी संशोधन करते म्हणे. काय असतं हो त्यात?” झालं. आक्कांना कुणी विचारत नसे, आणि आज विचारलं होतं. त्यांनी पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली : “उंदराला एरंडेल पाजायचं. मग त्येला टिपकागदावर ठेवायचा, आन् कागदावरचे ठिपके मोजायचे. ओले किती, कोरडे किती. औषध दिलेल्या उंदराचे ओले कमी आले, म्हणजे औषध लागू झालं.” ‘ओले’ या शब्दाला मुलानं चमचा खाली ठेवला. मुलाचे वडील मात्र सरसावून बसले. त्यांना स्वतःला पोटाचा जुना त्रास होता. पुढचा सगळा वेळ आक्का आणि ते दोघंच बोलत होते, आणि मुलगा पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसला होता. नकार आठवड्याभरात आला. आक्कांचं त्यावरचं मत एवढंच : “सासरा बरा हुता. पण सासऱ्याशी लगीन लावत न्हाईत.”

हा किस्सा आमच्या घरात प्रत्येक कार्याला सांगितला जातो. सांगणारे आता इतके सराईत झालेत, की चमचा ठेवल्याचा आवाजसुद्धा काढून दाखवतात. सगळे पोट धरून हसतात, आक्काही हसतात. फक्त त्या किस्स्यात चांगलं पातळ नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून एक मुलगी बसली होती, हे सांगायचं राहून जातं.

आक्का नवनवे रेणू तयार करायच्या. जुन्याच्या अंगाला इथं एक शेपूट जोड, तिथलं एक काढ, असा तो खेळ. कॉलेजात त्या पदार्थांना रीतसर अक्षरं आणि आकडे असत, पण घरी बोलताना आक्का त्यांना नातेवाइकांची नावं द्यायच्या. एका पदार्थानं जुलाब झटक्यात थांबले, पण उंदरांचं सगळंच थांबलं. त्याचं नाव ‘थोरले काका’, कारण थोरले काका एकदा रुसून बसले की कुणाच्या बापाला हलत नाहीत. दुसरा घेतला की उंदरांना गुंगी यायची. ती ‘कागलची मावशी’, जी कीर्तनात बसल्या बसल्या घोरते. एका पदार्थाचा कसलाच अपाय नव्हता आणि कसलाच उपयोगही नव्हता. त्याला माझ्या नवऱ्याचं नाव मिळालं. नवऱ्यानं तक्रार केली तेव्हा आक्का म्हणाल्या, “अरे, निरुपद्रवी असणंबी सोपं न्हाय.” असे कितीतरी नातेवाईक आले आणि गेले. मग एक पदार्थ असा निघाला, की ज्यानं पाणी थांबलं आणि आतडं चालू राहिलं. उंदीर पेंगले नाहीत, फुगले नाहीत, टिपकागद कोरडा. आक्कांनी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा केला, दुसऱ्याकडून करून घेतला. तेच उत्तर. मी पेढे घेऊन गेले आणि विचारलं, “याचं नाव काय ठेवलंत?” तर माझ्या या विज्ञाननिष्ठ नणंदेनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, “ह्येला कुणाचं नाव नगं. दृष्ट लागती.”

त्याच सुमारास गडहिंग्लजला आमच्या चुलत दिराच्या मुलीचं लग्न झालं. लग्न थाटात झालं, बासुंदीही थाटात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यनारायणाची तयारी चालू असताना एकेक पाहुणा उठून मागच्या बाजूला धावायला लागला. दुपार व्हायच्या आत मांडवातलं निम्मं गणगोत आडवं झालं. आणि मग सगळ्यांना एकाच वेळी साक्षात्कार झाला, की अरे, आपल्या घरात तर जुलाबाची शास्त्रज्ञ आहे! ज्यांनी जन्मभर तिच्या विषयाला नाकं मुरडली ते सगळे हात जोडून उभे राहिले. थोरले काका खाटेवरून ओरडले, “पोरी, त्ये तुझं औषध काढ की!”

“न्हाय देणार,” आक्का म्हणाल्या.

“आणलं न्हाईस व्हय?”

“आणलं असतं तरी दिलं नसतं. त्ये उंदराला दिलंय, माणसाला न्हाय. माणसात काय करंल कुणाला ठाव?”

माझा नवरा भिंतीला धरून आला. “आक्का, मला दे. मी लिहून देतो की माझ्या जबाबदारीवर घेतलं.”

“तू उंदीर हैस काय?”

“सध्या उंदरापरास वाईट अवस्था हाय.”

“मग गप पाणी पी,” आक्का म्हणाल्या. त्यांनी मेडिकलमधून जलसंजीवनीची पाकिटं होती नव्हती तेवढी आणवली. ती संपल्यावर मांडवातल्या आचाऱ्याकडून पाणी उकळून घेतलं, निववलं, साखर-मीठ मोजून घातलं आणि बादली घेऊन खाटेखाटेशी फिरल्या. घोट घोट पाजायचं, उलटी झाली तर थांबायचं, पुन्हा पाजायचं. काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एवढी वर्षं शिकली, एवढी वर्षं उंदरं मारली, आन् आम्हांस्नी काय, तर साखरपाणी!” मांडव हसला. आडवे पडलेले, पोटाला धरलेले लोक, तेसुद्धा हसले. आक्का हसल्या नाहीत. त्या काकांच्या पलीकडच्या खाटेवर वाकल्या होत्या. तिथं एक म्हाताऱ्या आत्याबाई निजल्या होत्या, कुणाकडं काही न मागता. आक्कांनी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी संपत आलं होतं. “गाडी काढा,” त्या म्हणाल्या. कुणीतरी म्हणालं, जरा पडल्यावर बरं वाटेल. तेव्हा बांधावरून बांधावर जाणारा तो आवाज मी पहिल्यांदा पूर्ण उघडलेला ऐकला : “आत्ताच्या आत्ता गाडी काढा म्हणतोय न्हवं!” गाडी निघाली. दवाखान्यात सलाईन लागलं आणि आत्याबाई वाचल्या.

संध्याकाळी सगळे उठून बसले आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांचं कौतुक सुरू झालं. काय हात आहे, काय गुण आहे. त्यांना शाल द्यायचं ठरलं. मी आक्कांना शोधत मागं गेले, तर त्या मांडवाच्या कडेला, विसळलेली बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या होत्या आणि ताटलीत दहीभात कालवत होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, “आक्का, काकांचं मनावर घेऊ नका.” त्या म्हणाल्या, “काका बरोबरच बोलले. साखरपाण्यानं जीव वाचतोय, पण जुलाब लगेच थांबत न्हाय. म्हणून तर लोक वैतागतात. थांबवायचं औषध पायजेच हाय.” आणि घास घेऊन म्हणाल्या, “मलाबी लई वाटलं गं, द्यावं म्हणून.”

पुढं हैदराबादच्या एका कंपनीनं त्या पदार्थात रस दाखवला. आक्का आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. जाताना त्यांनी नवी बॅग घेतली, दोन चांगल्या साड्या घेतल्या, आणि माझ्याकडून पिना मागून नेल्या. परत आल्या त्या दहा वर्षांनी लहान होऊन. तिथं जेवणाच्या टेबलावर आठ-दहा माणसं बसली होती आणि सगळी जुलाबावर बोलत होती! कुणी चमचा खाली ठेवला नाही. “जेवताना गं! मोठ्या मोठ्या माणसांत!” हे त्या मला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. कंपनी मोठ्या जनावरांवर तपासण्या करणार होती, आणि तिथं निभावलं की माणसांवर. त्या काळात आक्का रस्त्यानं जाताना गुणगुणायच्या. देवाला न मानणाऱ्या आक्का नृसिंहवाडीला जाऊन आल्या आणि विचारल्यावर म्हणाल्या, “पेढे चांगले मिळतात तिथं.”

मग एके दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले, तर त्या गॅलरीत बसून गवारी मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लिव्हर सुजलं.”

“कुणाचं?”

“कुत्र्यांचं. तपासणीतल्या.”

मला अर्थ लागायला वेळ लागला. “मग आता?”

“मग काय. संपलं.” त्यांनी एक शेंग मोडली, दोरा काढला, दुसरी घेतली. “बरं झालं तिथंच कळलं. माणसात जाऊन सुजलं असतं तर?” गवारी संपली, तरी त्यांची बोटं ताटलीत चाचपत राहिली.

माणूस गेलं तर लोक येतात. न बोलता बसतात, चहा करून देतात, रडायला खांदा देतात. औषध गेल्यावर कोण येणार? कुणाला त्याचं काय ठाऊक? काकांनी फोनवर ‘आता नवी उंदरं धर’ असा विनोद केला, नवरा ‘होतं असं’ म्हणाला, कॉलेजात दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा तास झाला. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. जिना चढताना मला उमगलं, की मी डब्यात पिठलं-भाकरी आणलीय. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे नेतात, तशी. आक्कांनी डबा उघडला, आत बघितलं, माझ्याकडं बघितलं. दोन्ही भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट हट्टानं केली. औषध का फसलं ते सगळं नीट लिहून काढलं. “ह्या वाटेला खड्डा हाय, एवढं तरी मागनं येणाऱ्याला कळू दे,” असं त्यांचं म्हणणं. पण यशाला छापणारे पुष्कळ, अपयशाला कोण छापतं? लेख कुठून कुठून परत आला, आणि शेवटी एका लहानशा नियतकालिकात आला. तोवर आक्का निवृत्तही झाल्या. निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी त्यांच्या ‘पचनसंस्थेविषयक कार्याचा’ उल्लेख केला. आक्का मागून मोठ्यानं म्हणाल्या, “जुलाब म्हणा की सरळ.”

निवृत्तीनंतर मी रविवारी दुपारी त्यांच्याकडं जेवायला जाऊ लागले. असंच एकदा जेवताना त्यांच्या मोबाइलवर अनोळखी फोन आला. आसाममधली एक संशोधन करणारी मुलगी होती. तिनं तो लेख वाचला होता. तिचं म्हणणं, पदार्थ रक्तात जातो म्हणून लिव्हरपर्यंत पोचतो. तर तो आतड्यातच राहील, रक्तात उतरणारच नाही, असा बदल त्यात करता येईल का? आक्का हातातला घास तसाच धरून ऐकत होत्या. मग त्या उभ्या राहिल्या. खरकट्या हातानंच हवेत रेणू काढायला लागल्या, आणि इंग्रजी अडलं तिथं हिंदी, हिंदी अडलं तिथं गडहिंग्लज : “हां बेटी, बराबर! वो शेपटी काटो, और उधर एक जाडजूड कुछ तो बिठाव, के वो पार होनेकाच नहीं!” खालून शेजारीण काय झालं म्हणून बघायला वर आली. फोन ठेवल्यावर आक्का बसल्या, पानाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मला सुचायला पायजे हुतं गं हे.” पण त्या हसत होत्या, आणि चष्म्याच्या आतनं डोळे पुसत होत्या.

पुढं काही महिने तो फोन दर रविवारी यायचा. त्या मुलीचा पहिला पदार्थ फसला, दुसराही फसला, तिसऱ्यात काहीतरी दिसतंय असं ती म्हणाली. आक्का आठवडाभर तिच्यासाठी वाचून ठेवायच्या. मग फोन पंधरा दिवसांनी येऊ लागला, मग कधीतरी. तरुण माणसांना कामं असतात. तिनं मार्गदर्शक बदलला असेल, घरी काही झालं असेल, किंवा आता तिचं तिला सुचत असेल. आक्का तिला दोष देत नाहीत. स्वतःहून फोनही करत नाहीत. “प्रयोग चालू असताना माणसाला हाक मारू नये,” म्हणतात. फक्त रविवारी मोबाइल पानाच्या डाव्या अंगाला, मिठाच्या वाटीशेजारी ठेवतात, आवाज पूर्ण मोठा करून. मला म्हणतात, “आज येईल बघ.” मी “येईल की,” म्हणते.

आमचं जेवण कधीच झालेलं असतं. हात वाळतात. खाली पेठेत दुपारची सामसूम असते. आता उठावं, भांडी घासावीत, घरी जावं, असं माझ्या मनात येतं. आक्का मोबाइलकडं बघत नाहीत, भिंतीकडं बघतात. मग मी पातेलं पुढं ओढते आणि भूक नसताना आणखी थोडा भात वाढून घेते.